विश्लेषण : उदगीरच्या उन्हाळ्यात फळांच्या रसाची जेली का वितळते? जिलेटिनऐवजी चायना ग्रास का वापरावे?

उदगीर : परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या की घरोघरी थंडगार पदार्थांचे प्रयोग सुरू होतात. फळांच्या ताज्या रसात जिलेटिन घालून केलेली जेली हा त्यातलाच एक. मोबाइलवरच्या व्हिडिओत ती ताटलीत उलटी केली की डुलते, चमकते आणि आकार सोडत नाही. मे महिन्यात उदगीरच्या स्वयंपाकघरात मात्र वेगळेच घडते. फ्रिजमधून काढलेली जेली वाढेपर्यंत कडेने सुटू लागते, पाहुण्यांच्या हातात वाटी जाईपर्यंत तिचे सरबत होते. मधेच वीज गेली तर ती थिजतच नाही. घरच्यांना वाटते, प्रमाण चुकले. अनेकदा प्रमाण बरोबरच असते, निवडलेला पदार्थ इथल्या हवेला चालणारा नसतो. घरची जेली करावी का, कशाने थिजवावी आणि त्यात काय सांभाळावे, याचा हा आढावा.

जिलेटिन नेमके काय आहे?

जिलेटिन हे प्रथिन आहे. जनावरांची कातडी आणि हाडे यांतील कोलॅजन या प्रथिनावर प्रक्रिया करून ते काढतात. जगभरात डुक्कर आणि गुरे हे त्याचे मुख्य स्रोत आहेत, काही प्रमाणात माशांपासूनही ते मिळते. गरम पाण्यात ते विरघळते. थंड झाल्यावर त्याचे लांब धागे एकमेकांत गुंतून जाळे तयार होते आणि पाणी त्या जाळ्यात अडकून बसते. हीच जेली.

हे जाळे नाजूक असते. साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आतच ते सुटते. म्हणून जिलेटिनची जेली तोंडात गेल्याबरोबर विरघळते आणि तिचा हा गुण जगभर वाखाणला जातो. अमेरिकेत पीटर कूपर यांनी १८४५ मध्ये जिलेटिनच्या मिष्टान्नाचे पेटंट घेतले. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ले-रॉय गावात पर्ल वेट यांनी त्यात फळांचे स्वाद घालून 'जेल-ओ' बाजारात आणले. थंड प्रदेशातली ही मिठाई पुढे घरोघरच्या बर्फाच्या पेटीच्या आणि फ्रिजच्या आधाराने वाढली. उदगीरमध्ये मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. ज्या तापमानाला माणूस घामाघूम होतो, त्याच्या बरेच आधी जिलेटिनने हार मानलेली असते.

मग खरवस का वितळत नाही?

उदगीर हा देवणी गाईंचा, दुधाचा मुलूख. इथे थिजलेल्या गोडाची ओळख म्हणजे खरवस. तो उन्हाळ्यातही वडीसारखा कापला जातो. याचे कारण असे, की चिकातील प्रथिने उष्णतेने थिजतात. वाफेवर एकदा घट्ट झालेला खरवस पुन्हा कितीही तापवला तरी दूध होत नाही. उकडलेल्या अंड्याचेही तसेच. पेरूची जेली तिसऱ्याच मार्गाने जाते. पेरूतील पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर यांच्या मेळातून ती घट्ट होते. पोळीला लावायला ती छान, पण वाटीभर खाण्याचा पदार्थ नव्हे, कारण तिच्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.

जिलेटिनचा व्यवहार याच्या उलट आहे. ते थंडीने थिजते आणि उष्णतेने सुटते. म्हणजे खरवसाच्या सवयीने त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

चायना ग्रासमध्ये वेगळे काय?

नावात ग्रास असले तरी हे गवत नाही. समुद्रातील लाल शेवाळापासून ते काढतात. शास्त्रीय भाषेत आणि पाकिटावर त्याला अगर किंवा अगर-अगर म्हणतात. पांढऱ्या सुकलेल्या पट्ट्या किंवा पूड अशा दोन रूपांत ते मिळते. भारतात तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात असे शेवाळ गोळा करतात. मराठी घरांत चायना ग्रासची ओळख झटपट खरवसामुळे झाली. रमजानमध्ये इफ्तारला दुधातला चायना ग्रास करणारी घरे तर दख्खनभर आहेत. म्हणजे हा पदार्थ आपल्याला परका नाही. फळांच्या रसासाठी मात्र तो फारसा कुणाला सुचत नाही.

अगर प्रथिन नसून कर्बोदक आहे. ते विरघळायला पाणी उकळावे लागते. थंड होताना साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान ते थिजते. एकदा थिजले की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. थिजण्याचे आणि वितळण्याचे तापमान यांत एवढे अंतर असल्यानेच ते उदगीरच्या कामाचे आहे. फ्रिज बंद पडला, वाटी तासभर ओट्यावर राहिली, तरी जेलीचा आकार मोडत नाही.

प्रयोगशाळेने हा प्रश्न कसा सोडवला?

जिलेटिन उन्हाळ्यात वितळते, ही तक्रार नवी नाही. १८८१ मध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिनचा थर वापरत. दोन अडचणी येत. शरीराइतकी ऊब दिली की थर वितळे आणि काही जंतू तो थर खाऊन त्याचे पाणी करत. तिथे काम करणारे वॉल्थर हेस या त्रासाने वैतागले होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी घरातला उपाय सांगितला. त्या घरी जेली आणि पुडिंग अगर घालून करत, म्हणून ती उन्हाळ्यातही टिके. ही युक्ती त्यांना न्यूयॉर्कमध्ये लहानपणी जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून कळली होती.

अगर आले आणि सूक्ष्मजीवशास्त्र बदलून गेले. आजही लातूरच्या किंवा मुंबईच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंची तपासणी अगरच्याच बशीवर होते. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनी यांच्या नावाचा नाही. स्वयंपाकघरातील ज्ञान विज्ञानाने उचलले आणि श्रेय विसरले, असे घडण्याची ती पहिली वेळ नव्हती. उदगीरच्या स्वयंपाकघरासाठी निष्कर्ष एवढाच, की उष्णतेपुढे जिलेटिन टिकत नाही याचा निकाल सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच लागला आहे.

अननस, पपईची जेली थिजतच नाही, असे का?

हा अनुभव अनेकांना फ्रिज ठीक चालू असतानाही येतो. ताज्या अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, अंजिरात फिसिन ही विकरे असतात. प्रथिने तोडणे हेच त्यांचे काम. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात, ती याच पपेनमुळे. तेच विकर जिलेटिनचे जाळेही कापून टाकते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तरी भांड्यात पाणीच राहते. रस आधी उकळला तर विकर निकामी होते, पण ताज्या रसाची चवही जाते.

अगर प्रथिन नसल्याने या विकरांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. सुट्टीतल्या मुलांसाठी हा सोपा प्रयोग आहे. एका वाटीत ताज्या अननसाचा रस व जिलेटिन, दुसऱ्या वाटीत तोच रस व अगर घालावे आणि सकाळी दोन्ही तिरप्या करून पाहाव्यात.

घरी करायचे तर प्रमाण काय?

अर्धा लिटर जेलीसाठी २०० मिलीलिटर पाणी, ३०० मिलीलिटर ताजा गाळलेला रस आणि ५ ग्रॅम अगर पूड हे सुरुवातीचे प्रमाण धरावे. ५ ग्रॅम म्हणजे साधारण सपाट दोन चहाचे चमचे. पट्ट्या घेतल्या तर त्याही वजनानेच घ्याव्यात आणि बारीक कापून आधी भिजवाव्यात. वेगवेगळ्या पुडींची ताकद वेगवेगळी असते. म्हणून पहिल्यांदा करताना चमचाभर मिश्रण थंड ताटलीवर टाकून पाहावे. दोन मिनिटांत थिजले तर ठीक, नाहीतर थोडी पूड वाढवावी. वाढवलेली पूड थोड्या पाण्यात वेगळी उकळून मगच मिसळावी.

पूड गार पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. मग मंद आचेवर ढवळत उकळी आणावी आणि दोन-तीन मिनिटे उकळू द्यावी. पट्ट्यांना जास्त वेळ लागतो, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत थांबावे. साखर घालायची तर याच वेळी घालावी. गॅस बंद करून रस दोन-तीन टप्प्यांत ओतावा आणि ढवळत राहावे. रस उकळू नये, याला दोन कारणे आहेत. आंबट रसात अगर उकळत ठेवले तर त्याची पकड सैल पडते आणि उकळण्याने रसाचा ताजेपणा व क जीवनसत्त्व कमी होते.

सर्वाधिक चूक होते ती इथेच. रस फ्रिजमधला गार असला की अगरच्या गुठळ्या होतात. याचे गणित सरळ आहे. ९५ अंशांचे २०० मिलीलिटर पाणी आणि ३० अंशांचा ३०० मिलीलिटर रस एकत्र केला तर मिश्रण सुमारे ५६ अंशांवर येते. साच्यात ओतायला पुरेसा वेळ मिळतो. तोच रस ५ अंशांचा असेल तर मिश्रण थेट ४१ अंशांवर उतरते आणि अगर ढवळता ढवळताच थिजू लागते. रस खोलीच्या तापमानाला आलेला हवा, ही अट म्हणूनच महत्त्वाची.

उदगीरच्या दुपारची एक वेगळी अडचण आहे. स्वयंपाकघरच ३५-३८ अंशांवर असेल तर अगर थिजायला वेळ घेते. अशा वेळी भांडे परातीत ठेवून भोवती माठातले पाणी ओतावे. फ्रिज नसला, वीज नसली तरी जेली तयार होते. ज्या घरात फ्रिज नाही, त्या घरातही हा पदार्थ होऊ शकतो, ही अगरची सर्वात मोठी बाजू आहे.

इथली कोणती फळे चालतील?

मराठवाड्याच्या फळांची नावे आता भौगोलिक मानांकनाच्या यादीत आहेत. मराठवाडा केसर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना २०१६ मध्ये हे मानांकन मिळाले. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये ते मिळाले.

केसरचा गर दाट असतो. तो पाण्याने सैल करून गाळून घेतला तर जेली गुळगुळीत होते. मोसंबीचा रस काढल्यावर काही वेळाने कडवट होत जातो. त्यातील लिमोनिन हळूहळू तयार होते आणि उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. त्यामुळे मोसंबीचा रस अगदी शेवटी काढावा, बिया चिरडू देऊ नयेत आणि जेली त्याच दिवशी संपवावी. कलिंगडाचा रस उकळला की शिजल्याचा वास येतो, तोही शेवटीच घालावा. काळ्या द्राक्षांना वेगळ्या रंगाची गरजच नाही.

चिंचेचा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर काळे मीठ घालून केलेली जेली पन्ह्याच्या चवीची होते. कोळ फार आंबट असल्याने अगर थोडे जास्त लागते आणि कोळ गॅस बंद केल्यावरच घालावा लागतो. विदेशी फळाच्या कृत्रिम स्वादापेक्षा ही चव इथल्या जिभेला जवळची आहे.

पाकिटातली जेली आणि घरची जेली यांत फरक काय?

पाकीट उलटून घटकांची यादी वाचली की उत्तर मिळते. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. यादीत पहिली साखर असेल आणि फळाऐवजी फक्त स्वाद व रंग असतील, तर ते काय आहे हे वेगळे सांगायला नको. तयार रसाच्या बाबतीतही सावध राहावे. 'फ्रूट ड्रिंक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात फळाचा रस किमान १० टक्के असला तरी नियम पाळला जातो. लिंबासाठी ही मर्यादा ५ टक्के आहे. घट्ट अर्कात पाणी घालून केलेल्या रसावर '१०० टक्के फळांचा रस' असे छापू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. अशा बाटलीतून केलेल्या जेलीला घरची म्हणता येईल, ताज्या फळांची म्हणता येणार नाही.

घरची म्हणजे आपोआप पौष्टिक, हाही गैरसमजच. फळ पिळले की त्यातील बराचसा चोथा जातो आणि साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना रसातील साखरही वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजतात. ती दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक चांगले, असे त्या सांगतात. वरच्या प्रमाणात ३०० मिलीलिटर मोसंबी किंवा संत्र्याच्या रसात सुमारे २५ ते ३० ग्रॅम साखर येते. पाच वाट्या केल्या तर प्रत्येकी पाच-सहा ग्रॅम. त्यात आणखी २५ ग्रॅम साखर घातली की हा आकडा दुप्पट होतो. पिकलेले फळ घ्यावे, साखर आधी चाखून मग ठरवावी आणि रसाबरोबर फळाचे तुकडेही टाकावेत. मधुमेह असलेल्यांसाठी जेलीपेक्षा फळाची फोड बरी. जिलेटिनमुळे हाडे मजबूत होतात, या दाव्यावर विसंबून वाट्या भरू नयेत. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे ते परिपूर्ण प्रथिनही नाही.

ताट सर्वांचे राहील का?

उदगीरमध्ये वाढदिवसाला शेजारची, वर्गातली मुले एकत्र जमतात. त्यांत लिंगायत आणि जैन घरांतली शाकाहारी मुले असतात, मुस्लिम घरांतली असतात. जिलेटिन कोणत्या जनावराचे, हा प्रश्न या सगळ्यांच्या घरी वेगवेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. बंद पाकिटावर शाकाहारी असेल तर चौकोनात हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो. सुट्या पुडीवर काहीच नसते. न सांगता असा पदार्थ वाढणे म्हणजे पाहुण्याचा विश्वास मोडणे. खायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तो घेण्यासाठी माहिती द्यायला हवी. चायना ग्रासची जेली केली तर हा प्रश्न बहुतेक घरांत उरतच नाही. उपवासाला ते चालते का, याबाबत घरोघरी मते वेगळी आहेत, तेवढे विचारून घ्यावे.

मग अगरमध्ये धोका काहीच नाही?

आहे, आणि तो त्याच्या गुणातूनच येतो. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते, अगरची विरघळत नाही. तिचा गुळगुळीत, घट्ट गोळा लहान मुलाने न चावता ओढून घेतला तर घशात अडकू शकतो. एका घासाच्या छोट्या कपातल्या जेलीमुळे अशा दुर्घटना घडल्यानंतर युरोपीय संघाने २००४ मध्ये त्या कपांत अगर, कॅरेजिनन यांसारखे पदार्थ वापरण्यावर बंदी घातली. कोंजॅक या कंदापासूनच्या पदार्थावर त्याआधीच बंदी आली होती. म्हणून घरीही लहान टोपणात किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये अखंड गोळ्या करून मुलांच्या हातात देऊ नयेत. पसरट ताटलीत थिजवावी, बारीक तुकडे करावेत, चमच्याने आणि बसवून खाऊ घालावी. पाच वर्षांखालील मुलांजवळ मोठ्या माणसाने थांबावे. वृद्धांना गिळायला त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी हा पदार्थ टाळावा.

दुसरा धोका टिकण्याचा. जिलेटिनची जेली उन्हात वितळते, तेव्हा निदान कळते की ती बराच वेळ बाहेर होती. अगरची जेली चार तासांनंतरही तशीच देखणी दिसते. अगरच्या बशीवर प्रयोगशाळेत जंतू कसे वाढतात, ते वर आलेच आहे. वाटीत तर त्यांच्यासाठी रस आणि साखरही असते. आकार टिकला म्हणजे पदार्थ टिकला, असे नाही. कडक उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली जेली तासाभरात संपवावी, दुधाची असेल तर अधिक काळजी घ्यावी. रसासाठी फळे, भांडी, गाळणी आणि पाणी स्वच्छ हवे, कारण रस उकळलेला नसतो.

थोडक्यात काय करावे?

थंड हवेत, चालू फ्रिज असताना, खाणाऱ्यांना सांगून जिलेटिन वापरायला हरकत नाही. उदगीरच्या मे महिन्यात मात्र त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पाच ग्रॅम अगर, दोन-चार मोसंब्या, माठातले पाणी आणि एक परात एवढ्यावर जेली होते. ती वाढताना तीन गोष्टी पाळाव्यात. साखर बेताने घालावी, तुकडे बारीक करावेत आणि वाटी बाहेर ठेवल्याची वेळ घड्याळात पाहून ठेवावी. जेलीकडे पाहून ती वेळ कळणार नाही.